आईंचा वाढदिवस, दिवसाउजेडी



घरात दोन वर्षांचं धावरं पोर आणि महिन्याचं तान्हं असताना सासूबाईंचा वाढदिवस कसा करायचा? आमच्या लोधिवलीत सोपा उपाय सुचवतात, रात्री जुन्या मुंबई-पुणे हायवेवरच्या हॉटेलात जेवू. मला तो पटत नाही. आईंचा चौविहार मोडतो, मोठं पोर झोपेला येऊन रडतं आणि तान्ह्याला गर्दी सोसत नाही. डिसेंबरात तर सहालाच सूर्यास्त होतो. त्यापेक्षा घरीच दुपारचं जेवण करावं. मुगाच्या डाळीचा शिरा, कच्च्या केळ्याची भाजी आणि पुऱ्या पुरेत.

मात्र हे रांधायचं कुणी? बाळंतिणीचं पथ्यपाणी, मोठ्याचं खाणंपिणं, सगळं महिनाभर आईच बघतात. वाढदिवसालाही त्याच चुलीपुढे उभ्या राहिल्या तर तो कसला वाढदिवस? त्या दिवशी स्वयंपाक मुलाने करावा.

आणि भेट? साडी नंतरही घेता येईल. नातवंडांच्या धबडग्यात आईंची सामायिक राहून जाते. त्यांना 48 मिनिटं मोकळी द्या. दार लोटून घ्या, पोरांना बाहेर अंगणात सांभाळा, हाक मारू नका.

आईला त्रास होऊ नये म्हणून महावीर गर्भात हालचाल थांबवून राहिले, हे आपण पर्युषणात कल्पसूत्रातून ऐकतो. मग जाणत्या मुलांना आईसाठी 48 मिनिटं काढणं जड का जावं?