आजोबांचे बूट आणि आमचे फॉर्मल्स

आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकाने (म्हणजे माझ्या रूम पार्टनरने) 'लेख दे' म्हटल्यावर मी आधी हसलो. ऱ्हस्व-दीर्घ त्याने तपासलेत, चुका सापडल्या तर त्याला धरा. पण विषय असा आहे की तो मला इंग्रजीत लिहिताच आला नसता. आरी, रापी, फर्मा हे शब्द मी मराठीतच शिकलो, आणि तेसुद्धा गेल्या दीड वर्षात, कॉलेजच्या गेटबाहेर फुटपाथवर बसून.

विषय आहे जुने बूट. पुरुषांचे, कातडी, लेसवाले, प्लेसमेंटच्या सीझनमध्ये ज्यांना आपण 'फॉर्मल्स' म्हणतो ते. मी ते जमवतो, दुरुस्त करतो आणि घालतो. सध्या कॉटखाली चार जोड आहेत. आमच्या विंगमध्ये मला 'कॉब्लर' म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्या नावाबद्दल पुढे बोलायचंच आहे.

सुरुवात आजोबांपासून झाली. आम्ही नागपूरचे. आजोबा साउथ ईस्टर्न रेल्वेत होते आणि नोकरीची पहिली काही वर्षं कलकत्त्याला, गार्डन रीचच्या मुख्य कचेरीत होते. 1961 साली त्यांनी तिथे बेंटिंक स्ट्रीटवर एका चिनी कारागिराकडे पायाचं माप देऊन काळे बूट शिवून घेतले. त्यांच्या हिशेबाच्या वहीत नोंद आहे: 'जोडा, रु. 28'. पुढच्या ओळीत 'उसने, रु. 15', म्हणजे ऐपतीबाहेरची खरेदी होती हे उघड आहे. आजोबा गेले तेव्हा तेराव्याच्या दानात छत्री, काठी आणि जोडे द्यायचे म्हणून बाबांनी बाजारातून रेक्झिनची चप्पल आणली. मेलेल्या माणसाचे जुने बूट कोण घेणार? ते पोटमाळ्यावरून खाली आले आणि भंगारच्या पोत्यात गेले. मी ते पोत्यातून काढले. तेव्हा त्यात भावना वगैरे काही नव्हती. बारावीचा रिझल्ट लागायचा होता आणि मला उद्योग नव्हता.

बुरशीने पांढरे पडलेले, पुढून वाळून लाकूड झालेले, डाव्याचा तळवा अर्धा सुटलेला. मी अतिशहाणपणा करून त्यांना खोबरेल तेल चोपडलं आणि उन्हात ठेवलं. हे कुणीही करू नये. तेल एकसारखं मुरलं नाही, डाग पडले. आणि कातडं उन्हात वाळवणं म्हणजे त्याला मारणंच. सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, दोन-तीन दिवस. हे मला नंतर कळलं.

कळलं ते गेटबाहेरच्या काकांकडून. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी त्यांच्याकडे सॅकची चेन बसवून घेतली असेल. पत्र्याचा तो निळा स्टॉल गटई कामगारांच्या सरकारी योजनेतला आहे, संत रोहिदास महामंडळाची. (त्याला 'गटई स्टॉल' म्हणतात हेही मला माहीत नव्हतं. मी 'शू रिपेअर' म्हणायचो.) फर्स्ट इयरला मी बूट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी उलटे केले, कडेची शिवण नखाने चाचपली आणि पहिल्यांदा माझ्याकडे वर पाहिलं.

"कुणाचे?"

"आजोबांचे."

"मशीनची शिवण नाय ही. हातची हाय. चिकटवायला आणलास व्हय? हे चिकटवलं तर पाप लागंल."

आता थोडं इंजिनिअरिंग. घाबरू नका, व्हायव्हात विचारणार नाहीत. आपण जे हजार-बाराशेचे फॉर्मल्स घेतो, त्यात वरचा भाग आणि सोल हे निव्वळ गोंदाने जोडलेले असतात. सोल बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा. हवेतल्या दमटपणाने पॉलियुरेथेनचं हळूहळू हायड्रॉलिसिस होतं, म्हणजे पाण्यामुळे त्याच्या साखळ्याच तुटतात. म्हणून कपाटात नुसते ठेवलेले बूटसुद्धा दोन-चार पावसाळ्यांनी बाहेर काढले की सोलचा भुगा होतो. गेल्या वर्षी एका सीनियरचा टाचेचा भाग जी.डी.ला जाताना जिन्यातच गळाला. सगळे हसले, मीही हसलो. पण तो बिचारा काही बूट वापरून झिजवून बसला नव्हता. त्याने सेकंड इयरला घेतले होते आणि जपून ठेवले होते.

जुन्या पद्धतीत तसं नसतं. फर्म्यावर वरचं कातडं ताणायचं, त्याच्या कडेला बाहेरून कातड्याची एक अरुंद पट्टी लावायची, इंग्रजीत तिला वेल्ट म्हणतात. ती पट्टी, वरचं कातडं आणि आतला तळवा हे एका शिवणीत घ्यायचे. मधली पोकळी कॉर्कने भरायची, आणि मग बाहेरचा तळवा दुसऱ्या शिवणीने फक्त त्या पट्टीला जोडायचा. गंमत इथेच आहे. झिजतो तो बाहेरचा तळवा, आणि तो काढायला फक्त दुसरी शिवण उसवावी लागते. वरच्या कातड्याला सुई लागतच नाही. नवा तळवा शिवा, बूट पुन्हा चालू. मशीन डिझाइनमध्ये आपण 'रिप्लेसेबल पार्ट' म्हणून जे पाठ करतो, ते हेच. हे काम करणारं यंत्र अमेरिकेत 1870च्या दशकात आलं. त्यामागे चार्ल्स गुडइयरच्या मुलाचं नाव आहे. रबर व्हल्कनाइझ करणारा तो बाप, हा मुलगा. पण हाताने अशी शिवण घालणारे त्याच्या कितीतरी आधीपासून होते, आणि बेंटिंक स्ट्रीटवर एकेकाळी त्यांची दुकानं ओळीने होती.

ती चिनी माणसं कलकत्त्यात कातड्याच्या धंद्यात कशी आली, हे मी शोधून वाचलं आणि तिथे थांबलो. ते बहुतेक हक्का समाजाचे. टँगऱ्याला त्यांच्या टॅनरीज होत्या. कातड्याला हात लावणं आपल्या सवर्ण हिंदूंना कमीपणाचं, म्हणून हा धंदा परक्यांना मोकळा मिळाला. आजोबांनी बूट शिवले त्याच्या पुढच्याच वर्षी, 1962 साली, चीनशी युद्ध झालं आणि इथेच जन्मलेल्या-वाढलेल्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. काही तिथे वर्षानुवर्षं होते. सुटून आल्यावर पुष्कळजण देश सोडून कॅनडाला वगैरे गेले. पुढे 1996 साली सुप्रीम कोर्टाने प्रदूषणामुळे टॅनरीज शहराबाहेर हलवायला सांगितलं. माझ्या पायातले बूट शिवणाऱ्याचं काय झालं, ते कळायला काही मार्ग नाही. आत शिक्का होता, तो घामाने पुसला गेलाय.

असो. बाकीच्या जोडांबद्दल थोडक्यात. एक पुण्याच्या जुन्या बाजारातला, तपकिरी, नक्षीची भोकं पाडलेला, अडीचशे रुपयांना. एक चुकीची खरेदी. पुढच्या घडीवर आडवी चीर गेली होती, ती विकणाऱ्याने पॉलिश थापून लपवली होती. कातड्याचे तंतूच तुटले की त्यावर इलाज नाही, हा धडा चारशे रुपयांना पडला. तो जोड मी आता प्रॅक्टिसला वापरतो. आणि एक खरा राजा: फ्लोरशाइम इम्पीरियल. शिकागोजवळ राहणाऱ्या मावशीने तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणला. फ्लोरशाइम ही 1892 सालची शिकागोचीच कंपनी. त्याच्या टाचेत झीज होऊ नये म्हणून 'व्ही' आकाराचा धातूचा तुकडा बसवलेला असतो. दिसायला झकास, पण मेन बिल्डिंगच्या गुळगुळीत फरशीवर तो स्केटिंगचं काम करतो. प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनसमोर मी साष्टांग नमस्कार घातला होता तो श्रद्धेपोटी नव्हे, हे या निमित्ताने जाहीर करतो.

नंबरांची एक गंमत मला फार आवडते. इंग्लिश मापात बुटाचा एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच वाढते, म्हणजे एका जवाच्या दाण्याइतकी. आपल्याकडच्या जुन्या मापातही आठ यव म्हणजे एक अंगुळ. दोन्हीकडच्या माणसांनी पाय मोजायला धान्यच हातात घेतलं.

आता त्या 'कॉब्लर' नावाकडे येतो.

सेकंड इयरच्या दिवाळीनंतर काका मला शिकवायला लागले. म्हणजे मीच मागे लागलो. आरीने भोक पाडायचं, मेण लावलेल्या दोऱ्याची दोन टोकं एकाच भोकातून समोरासमोर घालायची आणि दोन्ही हातांनी एकदम ओढायची. पहिल्या आठवड्यात करंगळ्या कापल्या. एका संध्याकाळी शिवण अर्ध्यावर असताना बाबांचा फोन आला. दोन्ही हात अडकलेले, म्हणून स्पीकरवर टाकला. मी काय करतोय ते सांगितलं. बाबा म्हणाले, "अबे काय करून राहिला तू? इंजिनिअरिंगले पाठवलं का चांभारकी करायले?"

काका माझ्या शेजारी होते, दीड फुटावर. त्यांनी ऐकलं. मी फोन कसाबसा बंद केला आणि काय बोलावं ते सुचेना. त्यांनी बुटाकडे बघतच म्हटलं, "दोरा ओढ. मेण वाळतंय."

बस, एवढंच. त्यावर आजवर आमच्यात एक शब्द झालेला नाही. मी माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर त्यांनाच मला 'जाऊ दे' म्हणावं लागलं असतं. बाबा वाईट माणूस नाहीत. ते वाक्य त्यांना कुणी शिकवलं नाही, ते आमच्या घरातल्या हवेतच आहे. पायीची वहाण पायीच बरी, हे आमच्याकडे सहज बोलतात, आणि ते वहाणेबद्दल नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. बाबांशी यावर बोलायचं अजून राहिलंय. दोन सुट्ट्या झाल्या.

म्हणून हा छंद नुसता 'व्हिंटेज' म्हणून मिरवायला मला आताशा अवघड जातं. मी बूट शिवले की विंगमध्ये फोटो काढतात. काकांनी शिवले की कुणी मान वर करून बघत नाही, आणि वीस रुपये सांगितले तर आपण पंधरा देतो. जून 2025 मध्ये मिलानला प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या तेव्हा आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपवर केवढा राग उसळला होता! (हीच प्राडा 1999 पासून इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनमधल्या चर्चेस या नामांकित बूटवाल्यांची मालक झाली.) राग बरोबरच होता. पण तो राग करणाऱ्यांपैकी किती जणांच्या पायात कोल्हापुरी होती? आणि किती जणांना गेटबाहेरच्या काकांचं नाव माहीत आहे?

कुणी म्हणेल, मग ही कला टिकली पाहिजे म्हण की. ते मी म्हणणार नाही. काकांचा मुलगा दुसऱ्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला आहे आणि त्याने रापीला हात लावलेला काकांना चालत नाही. "त्याच्या हातावर वळ नकोत," म्हणतात. मी आरी हातात घेतली तर तो छंद, त्याने घेतली तर ती जात. हा फरक मी पुसू शकत नाही, आणि त्याने माझ्या हौसेखातर फुटपाथवर बसावं असं म्हणायचा मला अधिकार नाही. या बाबतीत माझं मत काकांसारखंच आहे.

पण दुसरं एक मत आहे आणि ते मी वर्कशॉप विभागाच्या सरांना वाचायला मिळावं म्हणूनच लिहितोय. फर्स्ट इयरला आपण फिटिंग करतो, कारपेंट्री करतो, शीट मेटल आणि वेल्डिंग करतो. लोखंड चालतं, लाकूड चालतं, पत्रा चालतो. कातडं कुठेच नाही. ते सिलॅबसमध्ये का नाही, याचं उत्तर तांत्रिक आहे असं मला वाटत नाही. सिलॅबस बदलणं आपल्या हातात नाही, मान्य. पण टेक फेस्टला पाहुणे येऊन स्टार्टअपवर बोलतात, त्यांना शाल, श्रीफळ आणि मानधन मिळतं. तसाच एक शनिवार काकांना द्यावा. वर्कशॉपमध्ये, टेबल-खुर्चीवर, तेवढंच मानधन, आणि समोर वीस जण आपापले सुटलेले फॉर्मल्स घेऊन. बोलावणं सरांच्या सहीचं लेखी द्यावं. काका येतील की नाही, मला खात्री नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आधी कागद आण, मग बघू." तो कागद मागायला मी दोनदा वर्कशॉपच्या ऑफिसात जाऊन आलोय. 'बघू' एवढंच उत्तर तिथेही मिळालं.

तोवर प्लेसमेंटवाल्यांना फुकटचा सल्ला. इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री नवे बूट घेऊ नका, पाय सोलतात. त्याच पैशात जुन्या बाजारातून कातडी तळव्याचा जोड मिळाला तर बघा. वेल्टवरची शिवण खरी आहे ना ते तपासा, कारण हल्ली नुसती दिखाऊ शिवण घालून खाली गोंद लावतात. घडीवर चीर नको. आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवा, मग क्रीम, मग मेणाचं पॉलिश अगदी थोडं, आणि ब्रश जास्त. आणि दुसऱ्याने घातलेले बूट कसे घालायचे, हा प्रश्न मला विचारू नका. मेसच्या ताटात आपण रोज जेवतोच.

माझा पहिला इंटरव्ह्यू जानेवारीत आहे. आजोबांचे बूट मला अर्धा नंबर मोठे होतात, पुढे कापूस घालतो. दोन्ही तळवे नवे शिवून झाले, डावा मी आणि उजवा काकांनी. डाव्याचे टाके किंचित वाकडे आहेत, पण ते वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. टाचेचे थर तेवढे बदलायचे राहिलेत. काकांनी गुरुवारी बोलावलंय.