कंचेभागुबेव आणि विवेक

‘कंचेभागुबेव’ हा मंत्र आपल्या मराठी शाळांतून घोकला जातो. कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा पदावली सोडविण्याचा क्रम त्यात गोवलेला आहे. सर्वांनी हा संकेत पाळला म्हणजे एका पदावलीचे उत्तर सर्वांचे एकच येते.

त्याची गरज बाजारातही पटते. चाळीस रुपयांचा एक, असे चार नारळ घेऊन दोनशे रुपये दिले, तर २०० − ४ × ४०, म्हणजे ४० रुपये परत मिळावयास हवेत. वजाबाकी आधी केली, तर उत्तर ७८४० येईल! नारळही मिळाले आणि धनही वाढले!

परंतु नुसते पाठांतर दगा देते. १० − ४ + ३ यात ‘बे’ आधी म्हणून कित्येक विद्यार्थी ४ + ३ = ७ करतात आणि उत्तर ३ लिहितात. दहांतून चार खर्चिले, तीन परत आले, तर हाती नऊ राहतात, हे लहान मूलही सांगेल. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच आहे, तसाच गुणाकार-भागाकाराचा. तेथे डावीकडून उजवीकडे जावे. हे मंत्र सांगत नाही. शिक्षकांनी सांगितले पाहिजे.

माझी मातृभाषा कोकणी. मराठी व्याकरणाचे नियम मी प्रथम घोकले. अर्थ उमगला तेव्हाच ते माझे झाले. पदावली हेही एक वाक्यच आहे. विद्यार्थिमित्रहो, सूत्र अवश्य पाठ करा. पण लेखणी उचलण्यापूर्वी ते वाक्य काय म्हणते, हे स्वतःस विचारा.