जमिनीखालच्या ठेवीचा हिशेब

घरातला वडिलोपार्जित दागिना मोडायची वेळ आली, तर सोनाराच्या काट्यावर आपली नजर असते. भाव दोन ठिकाणी विचारला जातो आणि आलेले पैसे कशाला लागले, हे घरात सर्वांना ठाऊक असते. त्यातून मुलीचे शिक्षण झाले, तर दागिना गेल्याची रुखरुख राहत नाही. तो नुसता घरखर्चात विरला, तर मात्र मुले उद्या विचारणारच.

जमिनीखालचे खनिज हाही असाच दागिना. खणून काढलेले लोखंड डोंगरात पुन्हा उगवत नाही. मग त्याच्या काट्याकडे कोण बघते?

गोव्याचे उदाहरण घ्या. पोर्तुगीज काळातल्या खाण परवान्यांचे १९८७च्या कायद्याने भाडेपट्टे झाले. २०१२मध्ये न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाने बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला. या आकड्यावर वाद झाले, पण खाणी थांबल्या. ‘गोवा फाउंडेशन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला. पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, म्हणजे त्यानंतरचे खाणकाम बेकायदा, असे न्यायालयाने ठरवले. विक्रीच्या रकमेतले दहा टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवावेत, असेही सांगितले. फेब्रुवारी २०१८मध्ये नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द झाले.

यात ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले यांच्या चुली अडचणीत आल्या. त्यांचा दोष काय? हिशेब वेळच्या वेळी उघडा असता, तर चूक पहिल्याच वर्षी दिसली असती आणि सगळा धंदा एका दिवसात ठप्प झाला नसता. म्हणजे पारदर्शकता ही खाणीच्या विरोधकांचीच गरज नाही. खाणीवर पोट असणाऱ्यांचीही आहे.

आता विदर्भात येऊ. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर हा कोळशाचा पट्टा, तर गडचिरोलीत सुरजागडचे लोखंड. २०१५मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणबाधितांसाठी प्रत्येक जिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ आले. गणित सोपे आहे. शंभर रुपयांच्या कोळशावर रॉयल्टी १४ रुपये. जुन्या पट्ट्यांवर रॉयल्टीच्या ३० टक्के, म्हणजे आणखी ४ रुपये २० पैसे प्रतिष्ठानात जमा व्हायचे. लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी हे प्रमाण १० टक्के. सुरुवातीच्या नियमांनुसार निधीपैकी किमान ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण अशा निकडीच्या कामांवर खर्च करायची होती. २०२४मध्ये हे प्रमाण ७० टक्के झाले.

ही रक्कम आपल्या गावाच्या नळापर्यंत पोहोचली का, हे कसे कळणार? त्यासाठी २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. अर्जात मोघम तक्रार नको, नेमके प्रश्न हवेत: गेल्या वर्षी प्रतिष्ठानात किती जमा झाले? कोणत्या गावात कोणते काम मंजूर झाले? किती रक्कम दिली गेली? मग ती यादी घेऊन गावात जावे. कागदावरची पाण्याची टाकी जागेवर आहे का, तिच्यात पाणी आहे का, हे गावातल्या बायका एका वाक्यात सांगतात.

पत्रकारांनी आणखी एक पाऊल पुढे जावे. खाणीतून निघालेला माल, वाहतुकीचे परवाने, बंदरातून किंवा रेल्वेतून गेलेला माल आणि भरलेली रॉयल्टी हे चार आकडे शेजारी शेजारी मांडावेत. जुळले तर छान. न जुळले तर तिथेच बातमी आहे. मात्र छापण्याआधी अधिकारी आणि कंपनी, दोघांनाही खुलासा विचारावा. आकड्यांतला फरक म्हणजे दर वेळी चोरी नसते.

कंपन्यांनी काय भरले आणि सरकारला काय मिळाले, हे दोन्ही जाहीर करून ताडून पाहण्याचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम २००३पासून चालू आहे. पन्नासहून अधिक देश त्यात आहेत, भारत नाही. पण आपल्या तालुक्यात विचारायला कुणाचे सदस्यत्व लागत नाही. चार घरांनी मिळून एक अर्ज केला, तरी सुरुवात होते.