प्रांतसाहेब, हा बांधाचा वाद नाही

मा. उपविभागीय दंडाधिकारी साहेब,

चौदा महिन्यांत पाच अर्ज दिले. पाचही अर्जांच्या पोचेवर तुमच्या कार्यालयाचा शिक्का आहे. उत्तर मात्र एकदाच मिळालं, तेही तोंडी: "भावकीचा वाद आहे, गावात बसून मिटवा." म्हणून हे पत्र आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

भावकी आहे, हे खरं. ज्या पोल्ट्रीबद्दल हे अर्ज आहेत, ती माझ्या चुलत दिराची. पण बांध कोरला, वाट अडवली, झाड तोडलं, असलं काही घेऊन मी तुमच्या दारात आलेच नव्हते. मी आले होते विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन. ती बाटली तुमच्या टेबलावर ठेवली होती.

शेडमध्ये 9,000 पक्षी आहेत. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम ओली विष्ठा टाकते. म्हणजे रोजचे 900 किलो, वर्षाचे सव्वातीनशे टन. त्यातलं काही कोंबडखत म्हणून विकलं जातं. उरलेल्याचा ढीग माझ्या विहिरीपासून 60 फुटांवर उघड्या जमिनीवर पडतो. खाली कोबा नाही, वर छप्पर नाही, भोवती चर नाही. आमच्याकडे वरचे पंधरा-सोळा फूट मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पावसाचं पाणी ढिगातून मुरतं ते त्या मुरमातून सरळ विहिरीच्या झऱ्यांना येऊन मिळतं.

गेल्या मे महिन्यात पाण्यात नायट्रेट लिटरला 38 मिलिग्रॅम होतं. ऑगस्टमध्ये 96 झालं, ऑक्टोबरमध्ये 121. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, मर्यादा 45 ची आहे आणि तिच्यावर सवलत नाही. 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडू नये. पाऊस सुरू झाल्यानंतरच्या दोन्ही अहवालांत तो आहे.

ऑगस्टमध्ये माझी नात तीन महिन्यांची होती. सुनेला दूध पुरेना, म्हणून वरची पावडर सुरू केली. तिच्यासाठी पाणी मीच उकळायची, चांगलं वीस मिनिटं खळखळ. अहवाल पाहून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. पाण्यात टीसीएल पावडर टाकूनही ते जात नाही. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्यानं कमी होते, ओठ आणि नखं निळी पडतात. त्या रात्री मी बॅटरीच्या उजेडात नातीची नखं पाहत बसले होते. पोर ठीक आहे. पण जास्त काळजी घ्यावी म्हणून मी जास्त वेळ उकळत होते, हे माझ्या मनातून जात नाही, साहेब.

तेव्हापासून रोज दोन जार विकत घेतो. तीस रुपयांना एक. नऊ महिन्यांत सोळा हजारांवर गेले, विहीर दारात असताना. त्याच विहिरीवर आणखी चार घरं पाणी भरतात, आणि त्यांना जार परवडत नाही. उताराला शाळेचा हातपंप आहे. ही पोरं कुणाच्या भावकीतली?

फेब्रुवारीत पंचनामा झाला. ढीग वाळलेला होता, विहीर खाली गेलेली होती. "दुर्गंधी आढळली नाही" असं लिहून कागद बंद केला. पाण्याचा नमुना घेतला नाही. माझे अहवाल जोडले नाहीत. याला मी चौकशी म्हणणार नाही.

अधिकार नाही असं तुमच्या कार्यालयानं सांगू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली लोकांच्या आरोग्याला बाधक असा धंदा किंवा साठा हटवण्याचा, त्यावर नियम घालण्याचा सशर्त आदेश तुम्हीच काढू शकता. 1974 च्या जल कायद्याचं कलम 24 विहिरीत घाण जाऊ द्यायला मनाई करतं. 5,000 च्या वर पक्षी असलेल्या पोल्ट्रीला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ती आहे का, हे मी दुसऱ्या अर्जात विचारलं होतं. सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत शेतकऱ्यानं विहीर खोदू नये, असा कायदा या राज्यात 1993 मध्येच झाला. उद्या मी हातपंपाशेजारी विहीर खणायला घेतली तर तुम्ही दुसऱ्या दिवशी माणूस पाठवाल. मग ढिगासाठी चौदा महिने का?

दिराची पोल्ट्री बंद करा असं मी एकाही अर्जात लिहिलेलं नाही. त्याच्यावर बँकेचं कर्ज आहे, मला ठाऊक आहे. 2013 च्या दुष्काळात त्याची गुरं याच विहिरीवर जगली, हे तोही विसरलेला नाही. आज तो माझ्याशी बोलत नाही, कारण तुमच्या कार्यालयानं पाण्याच्या तक्रारीला भांडण करून टाकलं.

7 जूनला मृग निघतो. त्याआधी ढीग विहिरीपासून 100 मीटर लांब, कोब्यावर आणि छपराखाली गेला पाहिजे. विहिरीचा आणि हातपंपाचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत गेला पाहिजे, आणि अहवाल येईपर्यंत त्या चार घरांना व शाळेला टँकर मिळाला पाहिजे. आदेश लेखी हवा. तोंडी उत्तर मी आता घेणार नाही.

आपली,
त्या विहिरीची मालकीण