निजेची थकबाकी

नरकचतुर्दशीच्या पहाटे मुलांना हाका माराव्या लागत नाहीत. अंधारातच स्वारी फुलबाज्यांची पेटी चाचपीत बसलेली असते. मग शाळेच्या दिवशी तोच मुलगा पांघरूण का सोडीत नाही? ‘आळशी आहे मेला!’ हे उत्तर आमच्याही घरी तयार होते.

आमचा नातू डोंबिवलीला पाचवीत आहे. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आत भरवू नयेत, असे महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरविले, त्यामुळे गेले वर्ष सुखाचे गेले. यंदा पाचवी आली आणि शाळा ७ ची झाली. घरातली रात्र मात्र होती तशीच राहिली.

पहिल्या चाचणीत गणितात २० पैकी ७ गुण मिळाले. सूनबाई रडकुंडीला आल्या. शिकवणी लावायचे ठरले, तीही रात्री आठ ते नऊ! बाई म्हणाल्या, “हुशार आहे हो, पण तिसऱ्या तासाला डोळे मिटतात त्याचे.”

तेव्हा मी बोटे मोजली. निजतो साडेअकराला, उठतो पावणेसहाला; म्हणजे झोप सव्वासहा तास. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितलेला हिशेब असा : ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, पुढे १८ वर्षांपर्यंत ८ ते १० तास. म्हणजे रोज पावणेतीन तासांची थकबाकी! वाण्याची उधारी आपण इतकी तुंबू देतो का?

निजलेला वेळ वाया जातो असे मानू नका. जेन्किन्स आणि डालेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ सालीच दाखविले, की पाठ केलेले झोपेनंतर जास्त आठवते, तितकेच तास जागून काढल्यास कमी. त्यांच्या प्रयोगात विद्यार्थी दोनच होते. पण झोपेत स्मरण पक्के होते, हे पुढच्या संशोधनानेही दाखविले आहे.

आता खरी अडचण सांगते. मुलाचे वडील लोकलने घरी पोचतात साडेनऊला. “बाबा आल्याशिवाय मी निजणार नाही,” हा त्याचा हट्ट. त्याला आळशी कसे म्हणावे? मग जेवण, टीव्ही, मोबाइल, आणि साडेअकरा.

आम्ही शिकवणी रद्द केली. नातू साडेसातला माझ्याबरोबर जेवतो. साडेआठला बाहेरच्या खोलीतला दिवा बंद; टीव्ही बंद, तो माझाही. मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर. वडिलांची भेट सकाळी : तेच त्याला उठवतात, शाळेपर्यंत चालत सोडतात. त्या वीस मिनिटांत बापलेकांच्या जितक्या गप्पा होतात, तितक्या पूर्वी रात्री कधी होत नव्हत्या. पहिले आठ दिवस पोरगा नुसता कूस बदलीत पडे. मग झोप लागू लागली. सहामाहीचे गुण अजून यायचे आहेत. पण तिसऱ्या तासाला आता तो जागा असतो, असे बाई सांगतात.

लवकर निजावे, लवकर उठावे, असे वडीलधारे सांगत. आपण त्यातले उठणे तेवढे मुलांवर लादले, निजणे विसरलो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना तर झोपच उशिरा येते. तो वयाचा धर्म आहे, त्यांच्यावर तोंड टाकू नका.

दिवाळीचे चार दिवस खुशाल जागवा. भाऊबीज झाली, की शाळा उघडेपर्यंत अंथरूण रोज पाव तास लवकर घाला. आणि दिवा आधी आपल्या खोलीतला मालवा.