गाडीचे आयुष्य आणि नकाशाचे आयुष्य

वसईच्या किल्ल्याजवळील जेट्टीवर उभे राहिले की खाडीपलीकडचे भाईंदर नुसत्या डोळ्यांना दिसते. तरीही मोटारीने तेथे जावयाचे तर अगदी अलीकडेपर्यंत पूर्वेला महामार्ग गाठून, वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडून आणि पुन्हा पश्चिमेकडे वळून ३५ ते ४० किलोमीटरचा वळसा घालावा लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोटसेवा सुरू झाली आणि मोटारीसह खाडी ओलांडण्याची सोय झाली. एप्रिल २०२५ मध्ये विरारजवळील मारंबळपाडा आणि सफाळ्याजवळील जलसार यांच्या दरम्यानही तशीच सेवा सुरू झाली. आता २०२१ साली घेतलेल्या एखाद्या मोटारीतील, त्यानंतर कधीही न बदललेल्या नकाशाची कल्पना करावी. त्या नकाशाच्या लेखी दोन्ही ठिकाणी केवळ पाणी आहे. गाडी अजून नवी दिसते, तिचे हप्तेही संपलेले नाहीत. पण तिच्या पोटातील नकाशा मात्र म्हातारा झाला आहे.

वसई-विरार परिसरात मोटार ही आता मूठभर बागायतदारांची किंवा व्यापाऱ्यांची वस्तू राहिलेली नाही. शाळेतील शिक्षक, बँकेतील वा सरकारी कचेरीतील कारकून, पहिल्या नोकरीचा पगार हाती आलेला तरुण, हे सारे कर्ज काढून मोटार घेतात. विक्रेत्याच्या दालनात त्यांच्यापुढे जे अनेक प्रश्न उभे राहतात, त्यांपैकी एक वरवर किरकोळ वाटणारा असतो. गाडीतच बसवलेले मार्गदर्शक यंत्र घ्यावे, की खिशातील फोनवर भागवावे? हा प्रश्न चैनीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. त्यात कुटुंबाचा पैसा गुंतलेला असतो आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, कधी कधी माणसाचा जीवही.

स्थान एक, नकाशा दुसरा

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण कोठे आहोत हे सांगणारी यंत्रणा आणि कोणत्या वाटेने जावे हे सांगणारा नकाशा या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत. स्थान समजते ते उपग्रहांकडून. अमेरिकेच्या जीपीएस मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला, आणि नागरी वापरासाठी मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा मे २००० मध्ये उठवण्यात आली. भारताने १ जुलै २०१३ रोजी स्वतःच्या मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. २०१६ साली या व्यवस्थेला 'नाविक' हे नाव मिळाले. हे संकेत ग्रहण करण्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि शुल्कही पडत नाही. एकाने ते वापरले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाहीत. अर्थशास्त्र ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणते, तिचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

नकाशाचे तसे नाही. तो कोणीतरी तयार करावा लागतो, सतत दुरुस्त करावा लागतो आणि त्याचा खर्च या ना त्या रूपाने वसूल केला जातो. ग्राहकापुढील निवड ही वस्तुतः उपग्रहांमधील नसून नकाशांमधील, म्हणजेच नकाशा कोठे ठेवावा आणि कोणी ताजा राखावा यासंबंधीची आहे.

गाडीतील नकाशाची कल्पना उपग्रहांच्याही आधीची आहे. जपानच्या होंडा कंपनीने १९८१ साली आणलेल्या यंत्रात वायूवर चालणारा दिशामापक होता आणि पारदर्शक नकाशे हाताने पडद्यावर सरकवावे लागत. आजच्या यंत्रांनी फार मोठी मजल मारली असली, तरी त्यांचा एक गुण त्या आद्य यंत्राशी नाते सांगतो. चाकांची गती आणि वळणांची दिशा मोजून गाडीतील यंत्र बोगद्यातही स्थानाचा अंदाज बांधू शकते. त्याचा पडदा मोठा असतो, उन्हाने तो फोनसारखा तापून बंद पडत नाही आणि ऐन वळणावर कोणाचा दूरध्वनी आला म्हणून नकाशा झाकला जात नाही. हे लाभ खरे आहेत. प्रश्न त्यांच्या किमतीचा आहे.

एकत्र बांधलेल्या वस्तू

हे यंत्र बाजारात सहसा सुटे मिळत नाही. ते गाडीच्या वरच्या श्रेणीत, छताच्या काचेबरोबर आणि चकचकीत चाकांबरोबर, एका गाठोड्यात बांधून येते. समजा, या श्रेणीसाठी ५०,००० रुपये अधिक मोजावे लागले आणि ते पाच वर्षांच्या कर्जात दरसाल ९ टक्के व्याजाने मिळवले गेले, तर दरमहाच्या हप्त्यात सुमारे १,०३८ रुपयांची भर पडते आणि एकूण परतफेड ६२,००० रुपयांच्या वर जाते. मध्यमवर्गीय घरात याच रकमेतून मुलाच्या शिक्षणाचा किंवा आईवडिलांच्या औषधांचा बराचसा खर्च भागतो. वस्तूची खरी किंमत तिच्यासाठी सोडून द्यावी लागणाऱ्या दुसऱ्या वस्तूत मोजावी, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा विक्रेत्याच्या दालनात सहज विसरला जातो.

तथापि किमतीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट आयुर्मानाची आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. फोन तीन-चार वर्षे टिकतो. नकाशा मात्र एखादा रस्ता एकदिशा झाला, एखादा पूल पाडला की त्या जागेपुरता त्याच दिवशी शिळा होतो. अल्पायुषी वस्तू दीर्घायुषी वस्तूला कायमची जखडली की दोहोंपैकी एकीचे तरी नुकसान ठरलेले. अनेक गाड्यांत नकाशाचे नूतनीकरण पहिली काही वर्षे विनामूल्य असते; पुढे वर्गणी भरावी लागते, आणि पुढे उत्पादकाचे लक्षच नव्या नमुन्यांकडे वळते. अमेरिकेत २०२२ साली तिसऱ्या पिढीची मोबाइल जाळी बंद करण्यात आली, तेव्हा त्या जाळ्यावर विसंबून असलेल्या जुन्या मोटारींतील कित्येक सोयी निकामी झाल्या. त्या गाड्यांच्या इंजिनात काहीही बिघाड नव्हता.

येथे विक्रेत्याचे हितसंबंधही ध्यानात घेतले पाहिजेत. फोनवरील नकाशा गाडीच्या पडद्यावर उमटवण्याची सोय ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो यांनी २०१४-१५ पासून उपलब्ध करून दिली. ग्राहकाच्या दृष्टीने ही तडजोड उत्तम आहे. पडदा गाडीचा, बुद्धी फोनची; फोन बदलला की बुद्धी आपोआप नवी होते. असे असूनही जनरल मोटर्सने २०२३ साली आपल्या पुढील विद्युत मोटारींतून ही सोय काढून घेण्याचे जाहीर केले. गाडी एकदाच विकली जाते, वर्गणी मात्र दरवर्षी घेता येते, हे गणित उत्पादकांना समजले आहे. ते ग्राहकानेही समजून घेतले पाहिजे. भारतापुरते बोलायचे तर १९९५ साली स्थापन झालेल्या मॅपमायइंडिया या कंपनीचे नकाशे अनेक मोटार-उत्पादक वापरतात आणि त्याच कंपनीचे 'मॅपल्स' फोनवरही मिळते. अधिक पैसे मोजून गाडीत मिळणाऱ्या आणि फोनवर विनामूल्य मिळणाऱ्या नकाशाचा उगम कित्येकदा एकच असतो.

फुकटाची किंमत आणि पावसाळा

याचा अर्थ फोनवरील नकाशा निर्दोष आहे असा नव्हे. तो फुकट मिळतो असे म्हटले जाते. पण रस्त्यावरील कोंडी त्याला समजते ती हजारो फोनधारकांच्या हालचालींवरून. येथे ग्राहक हाच न कळत कच्चा माल पुरवतो. आपला रोजचा जाण्यायेण्याचा मार्ग दुसऱ्याच्या हिशेबवहीत नोंदवू देणे ही त्या सोयीची किंमत आहे. ती मोजावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ती शून्य आहे असे मानू नये.

दुसरा दोष वसईकराला अधिक जवळचा आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारमध्ये पाणी भरले, रेल्वे बंद पडली आणि मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला. वीज दीर्घकाळ गेली की मोबाइलचे मनोरेही फार वेळ तग धरत नाहीत. नेमक्या त्याच वेळी, नेहमीचा रस्ता पाण्याखाली असताना, पर्यायी वाट शोधायची असते. जाळ्यावर अवलंबून असलेला नकाशा ऐन संकटात कोरा पडतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ वाटांवर पावसाळा नसतानाही हाच अनुभव येऊ शकतो.

यावर उपाय आहे आणि तो जवळजवळ विनाखर्च आहे. आपल्या जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवला तर इंटरनेटशिवायही मार्ग दिसतो, कारण स्थान सांगणारे उपग्रह जाळ्यावर अवलंबून नाहीत. गूगल मॅप्समध्ये ही सोय आहे. त्याखेरीज २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून घडवलेल्या नकाशावर ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स यांसारखी साधने चालतात. या ऑफलाइन नकाशांना रस्त्यावरील त्या क्षणीची कोंडी समजत नाही, ही त्यांची मर्यादा होय. काँक्रिटीकरणामुळे महामार्ग तुंबला असेल तेव्हा चालू जाळ्यावरचा नकाशा उपयोगी. जाळे तुटले असेल तेव्हा उतरवून ठेवलेला. दोन्ही एकाच फोनमध्ये राहू शकतात, हे विशेष. मात्र फोन हातात धरून गाडी हाकणे धोक्याचे आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार असे साधन केवळ मार्ग पाहण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येते. फोनसाठी एक भक्कम धारक घेणे आणि निघण्यापूर्वीच ठिकाण नोंदवणे एवढी शिस्त त्यासाठी पुरेशी आहे.

जे कोणत्याच नकाशात नाही

एवढे सारे केल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो सर्वांत गंभीर आहे. जानेवारी २०२१ मध्ये तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील कोतूळ-अकोले मार्गावर पुण्याहून निघालेल्या प्रवाशांची मोटार रात्रीच्या अंधारात पाण्यात गेली आणि चालकाचा बुडून मृत्यू झाला. पिंपळगाव खांड धरण भरले की तेथील पूल पाण्याखाली जातो, हे गावातील लहान मुलालाही ठाऊक होते. प्रवाशांच्या फोनवरील नकाशाला ठाऊक नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणी पोलिसांनी नकाशाच्या कंपनीबरोबरच सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांविरुद्धही गुन्हा नोंदवला, हे लक्षणीय आहे. रस्ता बंद असल्याची पहिली बातमी ज्याच्याजवळ असते, ती सांगण्याची पहिली जबाबदारीही त्याचीच.

वसईत हीच गोष्ट निराळ्या रूपात दिसते. पश्चिमेकडील गावांतील वाड्यांमधून, बावखलांच्या कडेने जाणारे अरुंद रस्ते नकाशावर रुंद रस्त्यांइतकेच निर्धास्त दिसतात. पावसात बावखल आणि रस्ता यांची सीमारेषा पुसली जाते, हे गिरीज-भुईगावच्या रहिवाशाला सांगावे लागत नाही. मुंबईहून प्रथमच किनाऱ्याकडे आलेल्याला ते सांगणारे कोणी नसते. पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या बोटीवरही आज उपग्रहाधारित यंत्र असते. पण तांडेल वारा, भरती आणि किनाऱ्यावरच्या खुणा पाहणे सोडत नाही. मोटारचालकाने हाच धडा घेण्यासारखा आहे.

तथापि व्यक्तीच्या सावधपणावर सारा भार टाकून सार्वजनिक संस्थांना मोकळे होता येणार नाही. कोणता भुयारी मार्ग कधी भरतो, कोणत्या पुलावर अवजड वाहनांना मनाई आहे, कोणता रस्ता किती दिवस खोदलेला राहणार आहे, ही माहिती महानगरपालिका, वाहतूक पोलीस आणि महामार्ग प्राधिकरण यांच्या कागदांत असतेच. ती प्रत्येक बदलाबरोबर एका ठिकाणी, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात आणि सर्व नकाशाकारांना विनामूल्य उपलब्ध करून दिली, तर गाडीतला, फोनवरचा आणि ऑफलाइन असे सारेच नकाशे सुधारतील. त्याचा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून अधिक येण्याचे कारण नाही. आणि जेथे रस्ता खरोखरच संपतो, तेथे मजबूत अडथळा व रात्री दिसेल असा फलक लावण्यासाठी तर उपग्रहाचीही गरज नाही.

नोकरदार ग्राहकापुरता निष्कर्ष सरळ आहे. फोनशी जोडला जाणारा साधा पडदा गाडीत असेल तर उत्तम, नसेल तर धारक पुरे. केवळ गाडीत बसवलेल्या नकाशासाठी वरची श्रेणी घेऊन कर्ज वाढवू नये. पावसाळ्यापूर्वी आपल्या जिल्ह्याचा आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा, आणि तो वेळोवेळी ताजा करावा. उरलेल्या पैशाचा हप्ता घराच्या कामी येईल. आणि अंधारात, पावसात, अनोळखी रस्त्यावर पुढे पाणी दिसले तर गाडी थांबवून, काच खाली करून, रस्त्यावरच्या माणसाला विचारावे. त्या माहितीला वर्गणी पडत नाही आणि ती त्या दिवसाची असते.