आधी घरं, मग खाण

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातली सामार्को ही लोहखनिज कंपनी पाच वर्षं बंद राहून डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्या धरणाने गाडून टाकलेलं बेंतो रॉद्रिगेस हे गाव मात्र तेव्हाही उभं राहिलेलं नव्हतं. नव्या घरांची पहिली मुदत २०१९ ची होती. प्रत्यक्षात किल्ल्या लोकांच्या हाती पडू लागल्या त्या २०२३ मध्ये. म्हणजे कंपनीचं पुनर्वसन आधी झालं आणि गावाचं नंतर.

महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांनी ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा दिली, ती असाच अनुभव घेऊन. पाणी अडलं की सरकारची निकड संपते, हे कोयनेच्या विस्थापितांइतकं कोणाला ठाऊक असणार? खाणीलाही हाच न्याय लावायला हवा, आणि अपघात झालेल्या खाणीला तर जास्तच.

५ नोव्हेंबर २०१५ च्या दुपारी सामार्कोचं फुंदाव धरण फुटलं. खनिज धुऊन उरलेली वाळू आणि चिखल साठवणारं हे धरण होतं. त्यातून चार कोटी घनमीटरच्या आसपास गाळ सुटला. बेंतोमध्ये धोक्याचा भोंगा नव्हता. फोन करून, हाका मारून लोकांनीच एकमेकांना उंचावर पळवलं, आणि शाळेतली मुलं वाचली ती शिक्षकांनी वेळीच वर्ग रिकामे केल्यामुळे. १९ माणसं गेली. त्यांतले १४ जण खाणीवरचेच कामगार होते आणि त्यातही बहुतेक कंत्राटी.

पुढे तो लाल चिखल दोसी नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत गेला आणि पंधरवड्याने अटलांटिकला मिळाला. वाटेतल्या गोव्हेर्नादोर व्हालादारेस या अडीच लाखांहून जास्त वस्तीच्या शहराचे नळ बंद पडले. मासेमारी थांबली. काठावरचे क्रेनाक आदिवासी नदीला वातू म्हणतात आणि आपल्या रक्ताचं नातं मानतात. त्यांना पिण्याचं पाणी टँकरने आणि बाटल्यांतून पुरवावं लागलं.

धरण का फुटलं, हे गूढ राहिलेलं नाही. तज्ज्ञांच्या समितीने ऑगस्ट २०१६ मध्ये अहवाल दिला. धरणाची उंची वाढवताना प्रत्येक नवा थर आधी साठलेल्या गाळावरच टेकवला जात होता. ही सगळ्यात स्वस्त पद्धत. ती निभावायची तर काठाजवळ निचरा होणारी वाळूच हवी, मऊ चिखल लांब राखायला हवा. तो राखला गेला नाही. शिवाय तळातल्या काँक्रीटच्या नळमार्गात दोष निघाल्यावर डाव्या बाजूची भिंत मागे घेतली आणि ती नेमकी त्या मऊ चिखलावर चढली. भार वाढत गेला, खालचा चिखल दबून बाजूला सरकला, वरची वाळू सैल झाली आणि पाण्यासारखी वाहू लागली.

खाण पुन्हा सुरू करण्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. बेंतो ज्या मारियाना शहराच्या हद्दीत येतं, तिथल्या नगरपालिकेचं बहुतांश उत्पन्न खाणीतून येत होतं. खाण बंद पडल्यावर रोजगार गेले, दुकानं ओस पडली. कंपनी परत यावी म्हणून त्याच शहरातल्या लोकांनी मोर्चे काढले. पोटासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसाला पर्यावरणाचा शत्रू ठरवणं अन्यायाचं होईल. पण धरण फुटतं तेव्हा त्याच्या तोंडाशी हाच माणूस उभा असतो. २५ जानेवारी २०१९ ला त्याच राज्यात ब्रुमाजिन्यो इथे वाले कंपनीचं धरण फुटलं आणि २७० माणसं मेली. कामगारांचं उपाहारगृह धरणाच्या खालच्या अंगाला होतं. सामार्कोची निम्मी मालकी याच वालेकडे आहे, उरलेली बीएचपी या खाण कंपनीकडे. ब्रुमाजिन्योचं धरण सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र ते फुटण्याच्या काही महिने आधीच मिळालेलं होतं.

परत आलेली सामार्को सुरुवातीला क्षमतेच्या साधारण चौथ्या हिश्शाने चालली. आता गाळातलं पाणी गाळून काढतात, सुमारे ८० टक्के गाळ कोरडा करून रचतात आणि उरलेला जुन्या खाणीच्या खड्ड्यात सोडतात. ही सुधारणा खरी आहे, तिचं स्वागत करावं. पण कोरडा गाळ रचण्याचं तंत्र २०१५ च्या आधीही जगात वापरात होतं. ते महाग पडतं म्हणून मागे ठेवलं गेलं, आणि त्या बचतीची किंमत बेंतोने मोजली.

न्यायालयांकडूनही वेळेवर काही मिळालं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये १७० अब्ज रिआलचा भरपाई करार झाला, त्यातला मोठा हिस्सा २० वर्षांत विभागून. पुढच्याच महिन्यात ब्राझीलच्या न्यायालयाने फौजदारी खटल्यातून कंपन्यांना आणि अधिकाऱ्यांना मुक्त केलं. बीएचपीला जबाबदार धरणारा निकाल आला तो नोव्हेंबर २०२५ मध्ये, लंडनच्या उच्च न्यायालयातून. दहा वर्षं उलटून गेली होती.

गोव्याने हे प्रकरण आपलं म्हणून वाचावं. तिथल्या लोहखनिजाच्या खाणींत असं एखादं मोठं धरण फुटलं नाही. दर पावसाळ्यात डंपांवरची माती शेतांत आणि ओहोळांत उतरत राहिली, म्हणून तिची बातमी लहान झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये खाणी थांबवल्या, २०१४ च्या निकालात वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये ८८ लिजांचं नूतनीकरण रद्द केलं. लिलावानंतर २०२४ मध्ये वेदांतचा डिचोलीचा खाणपट्टा सगळ्यांत आधी सुरू झाला. मये, शिरगाव, मुळगावच्या लोकांनी घरं, देवळं आणि शेतं पट्ट्यातून वगळा, अशी मागणी केली आहे. शेतांतला साचलेला गाळ उपसण्याचा प्रश्नही त्यांनी लावून धरला आहे. ही कामं परवान्याच्या शेवटच्या पानावरची अट म्हणून ठेवू नयेत. शेत साफ झाल्याचा दाखला शेतकऱ्यांच्या सहीनिशी ग्रामसभेत वाचला जावा, आणि त्यानंतरच खनिजाचा पहिला ट्रक गावाबाहेर पडावा. ज्या पट्ट्यांचे ट्रक अजून निघायचे आहेत, तिथे सरकारला ही अट घालता येते.